मुक्काम बिशान: एल्कच्या शिकारीची तयारी

चिन्मय आणि सई,

सिंगापूरहून परत आलेला माणूस पहिली पंधरा मिनिटे तिथल्या स्वच्छतेबद्दल बोलतो. ती पंधरा मिनिटे मी पुण्यात भेटेल त्याच्यापाशी खर्च केली आहेत, तेव्हा तुम्हांला त्यातून सूट. तुम्ही एडिंबरात राहता. झाडलेले रस्ते तुमच्याकडेही आहेत. मी तुम्हांला असे काही सांगणार आहे, जे सिंगापूरला गेलेल्या कोणीही पाहिलेले नाही. तुमच्या निखिलमामाने आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, म्हणजे तुमच्या इराला, एल्कच्या शिकारीला न्यायचे ठरवले आणि त्या शिकारीची सगळी तयारी बिशानमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत झाली.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. उंचीला घोड्याएवढा, डोक्यावर चिंचेच्या फांद्यांएवढी शिंगे. तो अमेरिकेत डोंगरांत आणि थंडीत राहतो. सिंगापुरात डोंगर नाहीत, थंडी नाही, आणि बंदुकीचे म्हणाल तर तिथे खेळण्यातल्या पिस्तुलाकडेही लोक संशयाने बघतात. या तिन्ही अडचणींचा निखिलच्या उत्साहावर काही परिणाम झालेला मला पाच आठवड्यांत दिसला नाही.

चांगी ते बिशान

विमानतळावर निखिल आणि इरा घ्यायला आले होते. वाकून नमस्कार झाले, बॅग त्याने घेतली, आणि एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या त्याने बातमी दिली.

"आई, ऑक्टोबरमध्ये इरा एल्क मारणार आहे."

"कशाने?" मी विचारले. हा प्रश्न चुकीचा होता हे मला मागाहून कळले. बरोबर प्रश्न "का?" हा होता.

'का'चे उत्तर डेल. निखिल जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि डेल हा त्याचा मॉन्टानाचा साहेब. डेलच्या घरची रीत अशी की मूल बारा वर्षांचे झाले की बापाने त्याला पहिल्या शिकारीला न्यायचे. आपल्याकडे आठव्या वर्षी मुलाच्या हातात दंड देऊन भिक्षा मागायला लावतात, तिकडे बाराव्या वर्षी बंदूक देऊन रानात पाठवतात. फोटो दोन्हीकडे काढतात. आपण मुलीची मुंज करत नाही आणि डेलला शिकारीला मुलगीही चालते, तेवढ्यापुरता तो आपल्यापुढे. तर हा डेल निखिलला जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "तुझी मुलगी बाराची झाली ना? घेऊन ये तिला."

दुसरा कोणी हसून विषय बदलला असता. निखिलने त्याच रात्री तक्ता करायला घेतला.

हा तोच निखिल, जो लहानपणी झुरळ दिसले की पाटावर चढायचा आणि मी ते मारेपर्यंत उतरायचा नाही. तुमच्या आईला विचारा, ती जास्त रंगवून सांगेल.

तक्ता सतरा पानांचा होता. डोंगर चढण्याचा सराव, थंडीचा सराव, नेम, वारा ओळखणे, आहार, धोके आणि धोक्यांवरचे उपाय, सगळे रंगीत चौकटींत. शेवटच्या रकान्यात 'जबाबदार व्यक्ती'. मी अजून सामान उघडले नव्हते, पण माझे नाव त्यात आधीच होते: 'आजी: मनोबल'. मी जन्मात अंडे खाल्लेले नाही. पण शिस्तीचा कागद दिसला की मी विरघळते, हा माझा जुना दोष आहे. मी त्याच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कामाला लागले. परवान्याचा अर्ज माझ्या मुक्कामाच्या चौथ्या रविवारी जायचा होता. तोवर इराची तयारी तक्त्यात पिवळ्यातून 'हिरवी', म्हणजे पूर्ण, व्हायला हवी होती.

जिना

डोंगर नाही म्हणून जिना. शनिवारी सकाळी सात वाजता बाप-लेक शेजारच्या पंचवीस मजली इमारतीच्या तळाशी उभे राहत. निखिलच्या पाठीवर दहा किलो तांदूळ, इराच्या पाठीवर तीन किलो. शिकार झाली की मांस पाठीवरून खाली आणावे लागते, त्याचा हा सराव. मी लिफ्टने वर जाऊन वेळ लिहून ठेवत असे.

पहिल्याच दिवशी चौदाव्या मजल्यावर मिसेस लिम नावाच्या एका चिनी आजीबाईंनी त्यांना गाठले.

"लिफ्ट स्पॉइल्ड, आह?" तिथले इंग्रजी असे आह, लाह, मेह या शेपट्या लावून बोलतात.

"नो, आंटी. प्रॅक्टिस," निखिल धापा टाकत म्हणाला.

"राइस डिलिव्हरी?"

"नो, आंटी. हंटिंग."

मिसेस लिमने तांदळाच्या पिशवीकडे पाहिले, घामाने थबथबलेल्या निखिलकडे पाहिले आणि इराला म्हणाल्या, "गर्ल, टेल युअर फादर गो डॉक्टर."

हे मला इराने वर आल्यावर सांगितले. ती बापाच्या पुष्कळ आधी वर यायची. निखिल सोळाव्या-सतराव्या मजल्यावर कठड्याला धरून उभा असायचा, त्यामुळे गच्चीच्या दारापाशी आम्हां दोघींना निवांत पाच मिनिटे मिळत. दुसऱ्या शनिवारी त्या पाच मिनिटांत इरा बुटाने पायरी खरवडत म्हणाली, "आजी, तू कोणाला सांगणार नाहीस ना? मला ते एल्क मारायचं नाहीये."

"मग सांग ना बाबाला."

"नको." तिने पुन्हा पायरी खरवडली. "मला चिकन राइस आवडतो, आय नो. पण मीच का मारायचं?"

"हेच सांग."

"आजी, तुला कळत नाहीये. हा प्लॅन यायच्या आधी बाबा सॅटर्डेला लॅपटॉप घेऊन बसायचा. होल डे. आता माझ्याबरोबर येतो. मी नाही म्हटलं की तो परत लॅपटॉप, लाह."

खालून निखिलचे श्वास ऐकू येऊ लागले, म्हणून आम्ही गप्प झालो. मी वहीत वेळ लिहिली. 

आता तुम्ही म्हणाल, आजीने तिथल्या तिथे मुलाला का सांगितले नाही? मी शब्द दिला होता म्हणून. शिवाय मला खात्री नव्हती की इरा चूक बोलते आहे. निखिल सकाळी सहाला कंपनीच्या बसने जायचा, सातला परतायचा, आणि मग फोन कानाला लागायचा तो झोपेपर्यंत. बाराव्या मजल्यावरच्या त्या घरात सगळे होते, पण बाप मिळायचा तो फक्त शिकारीच्या निमित्ताने.

एल्क घरी येतो

नेमाच्या सरावासाठी निखिलने नव्या फ्रिजच्या खोक्याचा पूर्ण मापाचा एल्क केला. शिंगांसकट. काळीज कुठे असते तिथे तांबडे वर्तुळ काढले. बंदूक म्हणून छत्री. खेळण्यातली बंदूक आणायची त्याची छाती झाली नाही, आणि मला ते शहाणपणाचे वाटले. एल्क दाराबाहेरच्या लांब मार्गिकेत उभा केला. तिसऱ्या दिवशी दाराला नोटीस: मार्गिकेत अडथळा ठेवू नये. आपल्याकडे जिन्याखाली तीन पिढ्यांच्या सायकली गंजत उभ्या असतात आणि नोटिशीचा कागद त्यांच्यावरच वाळतो. तिथे नोटीस आली की वस्तू संध्याकाळच्या आत हलते.

एल्क दिवाणखान्यात आला. जागा एकच होती, देव्हाऱ्याशेजारी. त्यामुळे मी रोज पूजेला बसले की खांद्यावरून एक गव्हाळ रंगवलेले तोंड डोकावत असे. माझी सून मंजिरी कामावरून आली, तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि ओले टॉवेल शिंगांवर वाळत घातले.

"मंजिरी, ते टार्गेट आहे," निखिल म्हणाला.

"असू दे की. मी त्याला कुठे मारतेय?"

थंडीच्या सरावाला आम्ही एका बंदिस्त बर्फाच्या हॉलमध्ये गेलो. बाहेर घामाने पोलके पाठीला चिकटत होते आणि आत मुले प्लास्टिकच्या फळ्यांवरून घसरत होती. निखिल आणि इरा कोपऱ्यात न हलता उभे. शिकारीला तासन्‌तास असे उभे राहावे लागते म्हणे. विसाव्या मिनिटाला एक कर्मचारी माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेला की त्या दोघांना काही झाले आहे का.

उद्यान

तिसऱ्या शनिवारी वारा. हरणाला माणसाचा वास येऊ नये म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूने जायचे असते आणि वारा ओळखायला हवेत बारीक पूड उडवतात. निखिलने टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि आम्ही बिशानच्या उद्यानात गेलो. तिथे नदी आहे, आणि नदीत पाणमांजरांचे कुटुंब. सगळ्या शहराने त्यांना डोक्यावर घेतले होते; त्यांच्यात बाळे झाली की वर्तमानपत्रात येते.

तिथे मी सिंगापूरचे खरे शिकारी पाहिले. चाळीसएक माणसे, पानापानांच्या रंगाचे कपडे, तसल्याच टोप्या, आणि गुडघ्यांवर हातभर लांबीची कॅमेऱ्याची नळी. बसायला घड्या घालायच्या खुर्च्या, आणि जागा राखायला खुर्चीवर टिश्यूचे पाकीट. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसेच. फक्त इथे रुमालावरून भांडण होत नाही. कोणी बोलत नव्हते. एक पाणमांजर वर आले, मासा धरून कुडुम कुडुम खाऊ लागले, आणि चाळीस कॅमेरे एकदम करकरले.

निखिलने नेमकी हीच वेळ साधून पावडरचा डबा दाबला. वारा होता, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पांढरा लोट सरळ पुढच्या गृहस्थांच्या कॅमेऱ्यावर.

"अंकल! व्हॉट यू डुइंग?" असे ते कुजबुजून ओरडले. कुजबुजून ओरडता येते हे मला तिथेच कळले.

"चेकिंग द विंड," निखिल म्हणाला.

"फॉर व्हॉट?"

निखिलने मिनिटभर विचार केला आणि पहिल्यांदाच तो 'हंटिंग' हा शब्द बोलला नाही. तो खिशातला रुमाल काढून त्यांची काच पुसू लागला.

या सगळ्यात इरा जागची हलली नव्हती. दुर्बीण डोळ्यांना लावून काठावर पालथी पडली होती. पिल्लू आईच्या पाठीवरून घसरले तेव्हा हसली, पण आवाज न करता. निखिल परत आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "बघितलंस आई? काय स्थिर हात आहे! डेल वेडा होईल."

इराने ते ऐकले. दुर्बीण खाली घेतली. मला वाटले आता बोलेल. ती म्हणाली, "बाबा, नेक्स्ट सॅटर्डे पण इथे येऊ?"

"नेक्स्ट सॅटर्डेला पुन्हा जिना. अजून पिवळ्यात आहोत आपण."

"ओके," इरा म्हणाली.

जेवणाचे टेबल

त्या आठवड्यात निखिलचे मित्र सावंत जेवायला आले. सावंत हे मालवणकडचे, जहाजावर कॅप्टन. सगळी समुद्री खाद्ये त्यांनी चाखली आहेत आणि त्यांपैकी एकाबद्दलही त्यांना पश्चात्ताप नाही. निखिलने तक्ता दाखवला. सावंतांनी सतरा पाने वाचून एकच प्रश्न काढला.

"मांसाचं काय करणार?"

"आणणार थोडं इकडे."

"कुठे? सिंगापुरात? अरे, इथे च्युइंग गम आणू देत नाहीत आणि तू एल्क आणणार?"

मग मंजिरीने कॅलेंडर पाहिले आणि सांगितले की शिकारीचे दिवस बरोबर नवरात्रात येत आहेत.  या घरात चिकन चालते, पण सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला आणि श्रावणात चालत नाही. नवरात्राचा तर प्रश्नच नव्हता.

"मारायचं नवरात्रात, खायचं दसऱ्यानंतर," सावंत म्हणाले. "आणि दसऱ्याला शस्त्रपूजा असतेच. बंदुकीला हळदकुंकू लावा, मुहूर्त याहून चांगला मिळायचा नाही."

"डेलला चालेल का पण हळदकुंकू?" निखिलने खरोखरच विचारले, आणि 'धोके' या पानावर एक ओळ वाढवली.

चार मोठी माणसे तासभर बोलली: मसाला कोणता, सोलकढी जमेल का, हळद पुसली जाईल की डाग राहील. ज्या मुलीने चाप ओढायचा होता तिला कोणी काही विचारले नाही. मीही नाही. इरा वरणभात खात होती आणि मधूनमधून बापाकडे बघत होती. तो तिच्याविषयी किती आनंदाने बोलतो आहे, ते ती बघत होती.

सही

चौथ्या रविवारी अर्ज जायचा होता. सकाळी दहाला निखिलने आम्हां सगळ्यांना टेबलाशी बसवले. त्याच्या कारखान्यात कोणतेही जोखमीचे काम सुरू करण्यापूर्वी एक बैठक होते: काम काय, धोके काय, उपाय काय ते मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येकाने सही करायची. सह्या झाल्याशिवाय एक पाना फिरत नाही. तो फॉर्म त्याने एल्कसाठी करून आणला होता. मंजिरीने डोळे फिरवले, मी चष्मा लावला.

त्याने धोके वाचले: घसरणे, गारठणे, वाट चुकणे, अस्वल. मग शेवटची ओळ वाचली. कामावरचा कोणीही माणूस, केव्हाही, काम थांबवू शकतो.

इराने मान वर केली. "कोणीही मीन्स कोणीही?"

"कोणीही. गेल्या महिन्यात आमच्या एका झाडूवाल्या अंकलनी क्रेन थांबवली. अख्खी क्रेन."

"मग बॉस ओरडला?"

"नाही ओरडू शकत. रूल आहे. उलट थँक यू म्हणायचं असतं."

"आणि का थांबवलं ते सांगायला लागतं?"

"आधी थांबायचं. कारण नंतर, त्याला सांगायचं असेल तर."

इराच्या हातात पेन होते. ते तिने फॉर्मवर आडवे ठेवले, फार हळू, जसे काही ते सांडेल.

"मग मी थांबवते, बाबा."

"काय?"

"काम. मी एल्क नाही मारणार."

 निखिल हसला, मग हसायचे थांबला.

"पण इरू, का? एवढं सगळं..."

"कारण विचारायचं नसतं ना?" मंजिरी म्हणाली. "आत्ताच म्हणालास तू."

माझ्या जिभेवर दोन आठवड्यांपासून अडकलेले सगळे तेव्हा ओठांपर्यंत आले. मी ते गिळले. तिने स्वतः सांगितले होते. आता माझी गरज नव्हती.

निखिल फॉर्मकडे बघत बसला. सतरा पानांत त्याने अस्वलावर उपाय लिहिला होता, या धोक्यावर लिहिला नव्हता. मग तो म्हणाला, "थँक यू." नियमाप्रमाणे म्हणाला, आवाजात काही धन्यवाद नव्हते. पण म्हणाला.

त्याने मेल न पाठवता डेलला फोन केला. स्वयंपाकघराला दार नाही, त्यामुळे आम्हांला सगळे ऐकू आले. "माझ्या मुलीने काम थांबवलं आहे," असे त्याने इंग्रजीत, ऑफिसच्या सुरात सांगितले. पलीकडे डेल इतका मोठ्याने हसला की फोन कानापासून दूर धरावा लागला. मुलीला हवे तेव्हा यावे, नको तर न यावे, असे तो म्हणाला. मग त्याने कबूल केले की निखिलची सतरा पाने त्याच्या बायकोने वाचली होती आणि विचारले होते की या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे आपण आजवर जिवंत कसे राहिलो. त्यांच्या घरी तयारी म्हणजे पहाटे उठायचे, कॉफी करायची, चालू लागायचे.

"तू तरी येणार ना?" डेलने विचारले.

"सांगतो," निखिल म्हणाला.

सोमवारपासून फोन पुन्हा त्याच्या कानाला लागला. तो इरावर रागावला नव्हता. रागावला तरी असता तर तिला बरे वाटले असते. तो सातला यायचा, 'काय इरू' म्हणायचा आणि लॅपटॉप उघडायचा.   एका संध्याकाळी तिने मला कायाटोस्ट, म्हणजे नारळाचा गोड जॅम लावलेला पाव, कसा खातात ते शिकवले, जॅमही बिनअंड्याचा आणून, आणि मधेच म्हणाली, "आज थर्सडे ना?" शनिवार दोन दिवसांवर होता.

शनिवार

रविवारी माझे परतीचे विमान होते. शनिवारी मी सहालाच उठले. साडेसहाला इरा बाहेर आली, साधे कपडे, पायांत बूट. सोफ्यावर बसली आणि कोणी 'वाट बघतेस का' असे म्हणू नये म्हणून हातात टॅबलेट धरला. तो सुरू नव्हता.

सात वाजले. सव्वासात. निखिल उठून आला तेव्हा फोन वाजतच होता. त्याने घेतला. कुठलातरी पंप, कुठलातरी अहवाल. तो खिडकीपाशी उभा राहून बोलत राहिला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. इराने वाकून डाव्या बुटाची लेस सोडायला घेतली. एक गाठ सोडली, मग दुसरी.

निखिल वळला. त्याने बूट पाहिला, मग तिच्याकडे पाहिले. माझ्या मुलाला मी चाळीस वर्षे ओळखते. हिशेब लागला की त्याचा खालचा ओठ जरासा सुटतो. तो सुटला.

"मी नंतर करतो," तो फोनमध्ये म्हणाला. मग इराला म्हणाला, "लेस बांध. कुठे जायचं?"

"कशाला?"

"असंच."

इराला सुचेना. इतके शनिवार तिला कुठे न्यायचे ते तक्त्याने ठरवले होते; तिला कोणी विचारलेच नव्हते. "असंच कॅन, मेह?" म्हणजे, असंच चालतं का?

"कॅन, कॅन. चल, आधी नाश्ता करू. मग ठरवू."

ती उठली. दारात त्याने बूट चढवले, ती लिफ्टचे बटण दाबायला पुढे धावली आणि तो तिला "अगं थांब" म्हणत मागे गेला. दोघांपैकी कोणीही वळून मला "आजी, येतेस?" असे विचारले नाही. पाच आठवड्यांत प्रथमच मला घरी ठेवून गेले. मी दार लावून घेतले आणि चहा टाकला.